दोन कल्ले

अलिबागच्या मासळी बाजारात एखादं नवखं गिऱ्हाईक "ताजी आहे का हो?" असं विचारतं, तेव्हा मुरलेली कोळीण शपथा घेत बसत नाही. ती अंगठ्याने माशाचा कल्ला उचलते आणि आतला लाल रंग दाखवते. समोरच्याला मासळीतलं काहीच कळत नाही असं दिसलं, तर बोटाने मासा दाबून दाखवते आणि खळगा राहत नाही हे त्यालाच बघायला लावते. मग घासाघीस होते ती भावावर. ताजेपणाचा प्रश्न तिथेच मिटलेला असतो.

मराठीत कल्ला या शब्दाला दुसराही अर्थ आहे : गोंगाट. छोट्या धंदेवाल्याला कोणी "जरा मार्केटिंग कर" असं सांगितलं की त्याच्या डोळ्यांपुढे हा दुसरा कल्ला उभा राहतो. नाक्यावरचा फ्लेक्स, रिक्षावरचा भोंगा, दिवसातून दहा वेळा येणारे व्हॉट्सॲप मेसेज, 'शेवटच्या दोन खोल्या शिल्लक'. हे आपल्याला जमणार नाही, आणि जमलं तरी शोभणार नाही, असं म्हणून तो विषय सोडून देतो. हातात घेतलेलं हे पुस्तक पहिल्या कल्ल्याविषयी आहे. गिऱ्हाइकाच्या मनातली शंका ओळखायची आणि त्याने विचारायच्या आत तिचं उत्तर उघडं करून ठेवायचं, हा या विद्येचा गाभा आहे असं मी समजतो. बाकीचा सगळा पसारा त्याभोवतीचा.

पुस्तक कोणासाठी आहे ते आधी सांगतो. रेवस-मांडव्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर घरच्या चार खोल्या पाहुण्यांना देणारे, मागच्या पडवीत खानावळ चालवणारे, नारळ-सुपारीच्या वाड्या राखणारे, पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगणारे, पापड-मिरगुंडं करणारे बचत गट, पेण आणि हमरापूरकडचे मूर्तिकार, सुकी मासळी विकणाऱ्या बाया हे त्याचे वाचक. आणि आणखी एक मोठा वर्ग आहे, ज्याला आपण व्यावसायिक म्हणायला विसरतो. आवास, सासवणे, झिराड, किहीम या पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. ते बांधणारे कंत्राटदार, सुतार, वायरमन, प्लंबर, बाग लावणारे माळी, पोहण्याचे तलाव साफ ठेवणारे, बंगल्यावर पन्नास माणसांचं जेवण पोचवणारे. यांतल्या पहिल्या वर्गाकडे गिऱ्हाईक येतं, दुसऱ्याकडे 'क्लायंट' येतो. गिऱ्हाईक माल बघून घेतं. क्लायंट मात्र अजून न झालेल्या कामासाठी आगाऊ पैसे देतो. तिथे उचलून दाखवायला कल्लाच नसतो. सादरीकरण नावाची वेगळी कला लागते ती त्यामुळे.

नवख्या वाचकासाठी चार शब्द वेगळे करून ठेवायला हवेत, कारण बोलताना आपण त्यांची खिचडी करतो. विक्री म्हणजे समोर आलेल्याशी सौदा पुरा करणं. जाहिरात म्हणजे समोर नसलेल्याला पैसे खर्चून काही कळवणं. विपणन या दोन्हींच्या आधी सुरू होतं : काय करायचं, कोणासाठी करायचं, किती किमतीला द्यायचं, कुठे ठेवायचं, हे ठरवण्यापासून. आणि सादरीकरण म्हणजे एका ठरावीक माणसापुढे, त्याच्या गरजेच्या मापाने, आपलं काम मांडणं. फ्लेक्स लावला की विपणन झालं असं समजणारा माणूस शेवटच्या पायरीवरून चढायला सुरुवात करतो.

ही विद्या परदेशातून आली असा समज आहे. तिची परिभाषा बाहेरून आली हे खरं. पण या किनाऱ्याने ती कितीतरी आधी वापरली आणि तिच्या अभावी माणसं फसलेलीही पाहिली. चौल हे प्राचीन बंदर. ग्रीक आणि रोमन जगाला ते ठाऊक होतं. १४६९च्या सुमारास त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकीतिन इथे उतरला तो एक घोडा घेऊन. दख्खनमध्ये घोड्याला चांगली किंमत येते हे त्याने ऐकलं होतं. हिंदुस्थानात आपल्या देशात खपण्याजोगा माल भरपूर मिळेल असंही त्याला सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात घोडा जुन्नरला तिथल्या खानाने काढून घेतला, तो परत मिळवताना नाकी नऊ आले. आणि रशियाला न्यावा असा माल इथे नाही, आपल्याला खोटं सांगितलं गेलं, अशी तक्रार त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. आपण त्याच्याकडे शूर प्रवासी म्हणून बघतो. मी त्याच्याकडे बाजाराची ऐकीव माहिती घेऊन समुद्र ओलांडलेला छोटा व्यापारी म्हणूनही बघतो. त्याच्या चुकीला आजच्या पुस्तकांत 'बाजार-संशोधनाचा अभाव' म्हणतात.

दुसरं उदाहरण त्याहून बोलकं आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून आपले पूर्वज इथे आले असं बेने इस्राएली समाज परंपरेने सांगतो. घाण्यावर तेल गाळणं हा त्यांचा इथला व्यवसाय झाला. शब्बाथ पाळायचा म्हणून ते शनिवारी घाणा बंद ठेवत, आणि गावांनी त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. तेल काढणारे इतरही होते; लक्षात राहिले ते शनिवारी न काढणारे. पाटी नाही, चिन्ह नाही, घोषवाक्य नाही. एक नियम निष्ठेने पाळला आणि तोच ओळख बनला. पुढे ही मंडळी किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांची आडनावं घेऊन मुंबईला आणि नंतर इस्राएलला गेली. अलिबागेतलं त्यांचं मागेन अबोथ सिनेगॉग आजही उभं आहे. आपल्या धंद्याचा 'शनिवार' कोणता, हा प्रश्न या पुस्तकाच्या वाचकाने स्वतःला जरूर विचारावा.

आणि तिसरं उदाहरण तर अजून रस्त्यावर लटकतं आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली या अलिबाग तालुक्यातल्या गावांत भात निघाल्यावर पांढरा कांदा लावतात. काढणीनंतर पातीसकट सुकवून त्याच्या वेण्या विणतात. ही माळ साठवणुकीची सोय आहे, वजनाचं माप आहे आणि ओळखही आहे; वडखळ रस्त्याने जाणारा गाडीवाला ती शंभर फुटांवरून ओळखतो. आज ज्याला पॅकेजिंग म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण ओळख तयार झाली की तिची नक्कल होते. दुसरीकडचा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकला जाऊ लागला, तेव्हा शेतकऱ्यांना भौगोलिक मानांकनाचा मार्ग धरावा लागला. कोकण कृषी विद्यापीठ आणि कृषी खात्याने पाठपुरावा केला, १८८३च्या सरकारी गॅझेटिअरमधला उल्लेख पुरावा म्हणून पुढे आला आणि मानांकन मिळालं. हापूसची गोष्ट याच्या उलटी. २०१८मध्ये कोकणच्या हापूसला मानांकन मिळालं तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर यांच्याबरोबर रायगड जिल्हाही त्यात आला. तरी मुंबईचं गिऱ्हाईक पेटीवर देवगड किंवा रत्नागिरी शोधतं. नाव वापरण्याचा हक्क कायदा देतो. ते नाव लोकांच्या तोंडी बसवण्याचं काम मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं.

आधुनिक अर्थाने महाराष्ट्राने ही विद्या कशी हाताळली हेही थोडक्यात पाहू. भारतातल्या सुरुवातीच्या जाहिरात कंपन्यांत जिचं नाव घेतलं जातं ती बी. दत्ताराम आणि कंपनी १९०५ची, गिरगावातली. १९१०मध्ये गिरगावातच बेडेकरांचं दुकान सुरू झालं आणि घरोघरी होणारी लोणची-मसाले विकत घेण्याची वस्तू होऊ शकते हे हळूहळू सिद्ध झालं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. म्हणजे नांगर घडवण्याइतकंच ती शंका काढणं अवघड होतं. १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेण्यासाठी. पुढे त्या माहितीपत्रकाचं मराठीतलं एक मातब्बर मासिक झालं. वाचकाला उपयोगी असं काही देत राहा, माल त्याच्या मागून येतो, हे तत्त्व परदेशी पुस्तकांत 'कंटेंट मार्केटिंग' या नावाने अवतरायला अजून अनेक दशकं होती. १९३१मध्ये दांडेकरांची शाई 'हॉर्स ब्रँड' म्हणून निघाली. पुढे तिच्यातून कॅम्लिन उभं राहिलं. विकोच्या पेंढरकरांनी १९५२पासून दारोदार जाऊन दंतमंजन विकलं. १९५९मध्ये गिरगावात ऐंशी रुपयांच्या उधारीवर सात बायकांनी लिज्जत पापड सुरू केला. आणि १९७३मध्ये जयंतराव साळगावकरांच्या 'कालनिर्णय'ने तारीख, तिथी, पाककृती आणि जाहिरात यांना एकाच खिळ्यावर वर्षभर टांगून दाखवलं.

आता बाहेरच्या जगातल्या शाळा. त्यांची नावं पाठ करण्याची गरज नाही. पण प्रत्येकीने एकेक हत्यार दिलं आहे आणि ते कुठे चालतं, कुठे बोथट पडतं हे कळलेलं बरं.

पहिली शाळा विक्रेत्यांची. १८९८च्या सुमारास अमेरिकेतल्या एल्मो लुईसने लक्ष वेधणं, रस निर्माण करणं, इच्छा जागवणं अशा पायऱ्या मांडल्या. नंतर त्यांना कृतीची पायरी जोडली गेली. १९२३मध्ये क्लॉड हॉपकिन्सने 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग'मध्ये जाहिरातीचं मोजमाप करण्याचा आग्रह धरला : कोणत्या कूपनवरून किती गिऱ्हाइकं आली ते मोजा, मग बोला. आपल्या कॉटेजवाल्याला हे आजही लागू आहे. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला "आमचं नाव कुठून कळलं?" एवढा एक प्रश्न विचारून वहीत नोंदवला, तर सीझन संपेपर्यंत कुठला खर्च वाया गेला ते कोणा सल्लागाराशिवाय कळतं.

दुसरी शाळा गिऱ्हाइकाकडून विचार करणाऱ्यांची. पीटर ड्रकरने १९५४मध्ये म्हटलं की धंद्याचा हेतू गिऱ्हाईक निर्माण करणं हा असतो. १९६०मध्ये थिओडोर लेविटने 'मार्केटिंग मायोपिया' या लेखात रेल्वे कंपन्यांचं उदाहरण दिलं : आपण रेल्वेच्या धंद्यात आहोत असं त्या समजल्या, वाहतुकीच्या धंद्यात आहोत हे विसरल्या, आणि प्रवासी मोटारी-विमानांकडे गेले. नागावच्या घरमालकाला वाटतं आपण खोल्या भाड्याने देतो. ठाण्याहून आलेलं कुटुंब मात्र आजीला पायऱ्या न चढता समुद्र दिसावा आणि पोरांनी दोन दिवस मोबाइल बाजूला ठेवावा यासाठी पैसे देत असतं. हे ओळखलं की खोलीच्या फोटोऐवजी वाडीतल्या झोपाळ्याचा फोटो आधी जातो.

तिसरी शाळा आराखड्याची. जेरोम मॅकार्थीने १९६०मध्ये वस्तू, किंमत, स्थान आणि प्रसार हे चार कोन मांडले. फिलिप कोटलरच्या १९६७पासूनच्या पाठ्यपुस्तकाने ते जगभरच्या वर्गांत पोचवले. १९८१मध्ये बूम्स आणि बिटनर यांनी सेवा-व्यवसायांसाठी त्यात माणसं, कार्यपद्धती आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा यांची भर घातली. किनाऱ्यावरचे बहुतेक धंदे सेवेचे असल्यामुळे ही नंतरची तीनच आपल्याला जास्त कामाची. स्वच्छ चादर, वेळेवर उचललेला फोन, हिशोबाचा छापील कागद हा इथला कल्ल्याचा लाल रंग.

चौथी शाळा मनातल्या जागेची. अल रीस आणि जॅक ट्राउट यांनी 'पोझिशनिंग'मध्ये सांगितलं की गिऱ्हाइकाच्या डोक्यात प्रत्येक प्रकारासाठी एखाददुसरीच जागा असते. ती एका स्पष्ट गोष्टीने पटकवा. शनिवार तेल्यांना हे सांगायला कोणी आलं नव्हतं. पाचवी शाळा नात्याची : लिओनार्ड बेरीने १९८३मध्ये 'रिलेशनशिप मार्केटिंग' हा शब्द वापरला आणि नवं गिऱ्हाईक आणण्याइतकंच जुनं टिकवण्याकडे लक्ष वळवलं. तिच्याच आसपास, १९८४मध्ये जे कॉनरॅड लेविन्सनने पैशांऐवजी कल्पकता खर्च करणारं 'गनिमी' विपणन छोट्यांसाठी मांडलं. १९९९मध्ये सेथ गोडिनने परवानगीशिवाय कोणाच्या वेळेत घुसू नका असं बजावलं. गनिमी कावा हा शब्द रायगडच्या माणसाला कोणी समजावून द्यायला नको. गोडिनची ताकीद मात्र आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर रोज मोडली जाते.

या शाळांमध्ये भांडणं आहेत. कोणी म्हणतं ओळख महत्त्वाची, कोणी म्हणतं नातं; कोणी मोजमापावर विश्वास ठेवतं, कोणी अंतःप्रेरणेवर. मोठ्या कंपन्यांना यातली बाजू निवडावी लागते. ज्याच्या धंद्यात एकूण तीन माणसं आणि त्यांतली दोन घरची, त्याने जेवढं उपयोगी पडेल तेवढं उचलावं.

आपल्याकडे मात्र या सगळ्यांच्या आधी एक अडसर आहे, आणि तो आपल्या स्वभावात आहे. "आपलं काम बोलतं" हे वाक्य मी या किनाऱ्यावर जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. त्यात अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण सासवण्याच्या विनायकराव करमरकरांची गोष्ट नीट ऐकावी. घरात गणपती घडवण्याची परंपरा असलेल्या या मुलाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी मुलाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकण्याची वाट करून दिली, असं सांगतात. पुढे करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा १९२८मध्ये पुण्यात उभा राहिला, आणि सासवण्याच्या त्यांच्या घराचं संग्रहालय झालं. काम बोललं यात शंका नाही. पण ते बोललं ते रहदारीच्या भिंतीवर होतं म्हणून. हेच चित्र माजघरातल्या भिंतीवर असतं, तर पुढचं सगळं घडलं असतं का? काम बोलतं, पण ते कुठे उभं राहून बोलतंय हे बघण्याची जबाबदारी आपलीच असते.

हा विषय आज निकडीचा का झाला, याचं उत्तर गेल्या काही वर्षांतल्या तारखांत आहे. मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. तासाभरात माणूस स्वतःच्या गाडीसकट अलिबाग तालुक्यात उतरू लागला. काही दिवसांतच टाळेबंदी आली. त्या धक्क्यातून सावरायच्या आत, ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड पुन्हा उत्पन्नावर यायला वर्षं लागतात. त्या वर्षांत अनेक घरांना पाहुण्यांच्या खोल्यांवर जास्त विसंबावं लागलं. मग १२ जानेवारी २०२४ला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. सुमारे बावीस किलोमीटरच्या या पुलाने मुंबई जवळ आली. पण तिच्याबरोबर मुंबईच्या अपेक्षाही जवळ आल्या. २०१६मध्ये यूपीआय आणि २०१८मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आल्यापासून पैसे घेणं आणि मालाची यादी दाखवणं हे फोनवरच होऊ लागलं. पाहुण्याने गेटबाहेर पडायच्या आत लिहिलेला अभिप्राय पुढच्या पाहुण्याच्या हातात असतो.

पूर्वी गिऱ्हाईक कोणाच्या तरी ओळखीने यायचं. "पाटलांकडे उतरा, माझं नाव सांगा" एवढ्यावर विश्वास बसायचा. आता अनोळखी माणूस अनोळखी घरात राहायला येतो, आणि त्या दोघांमधली ओळखीची जागा फोटो, शब्द आणि तारे भरून काढतात. फोटो खोटा निघाला की काय होतं हे मी स्वतः अनुभवलं आहे. 'समुद्रालगत' असं वाचून एका ठिकाणी खोली घेतली. समुद्र गाठायला रिक्षा करावी लागली. यजमान प्रेमळ होते, जेवण उत्तम होतं, आणि तरीही दोन दिवस मी त्या एका शब्दावर चिडून होतो. त्यांनी 'समुद्रापासून दहा मिनिटं, पण घरचं जेवण' असं लिहिलं असतं तर मी खूश होऊन परतलो असतो.

दिवेआगर या गावाकडून तर सगळ्या किनाऱ्याने धडा घ्यावा. १९९७मध्ये तिथे एका वाडीत सोन्याचा गणपती सापडला आणि गावाकडे भाविकांची रीघ लागली. घरगुती निवास आणि खानावळी वाढल्या. मार्च २०१२मध्ये मूर्ती चोरीला गेली. ज्या कारणासाठी लोक येत होते तेच एका रात्रीत नाहीसं झालं. मूर्ती पुन्हा घडवून बसवायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात गावाला किनारा, केवडा, सुपारीच्या सावल्या, उकडीचे मोदक यांवर उभं राहावं लागलं. गाव बदललेलं नव्हतं, पण "इथे का यायचं?" या प्रश्नाला त्याला नव्याने उत्तर द्यावं लागलं. हा प्रश्न संकटाआधी विचारलेला बरा.

पेणच्या मूर्तिकारांवर तो प्रश्न वेगळ्या वाटेने आला. मे २०२०मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुधारित सूचना काढल्या, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा वाद पुढे वर्षानुवर्षं न्यायालयांत फिरत राहिला. आज दूरदेशीचं गिऱ्हाईक मूर्तीची उंची विचारण्याआधी "शाडूची आहे ना?" असं विचारतं. पेणची कीर्ती डोळ्यांच्या आखणीसाठी. ती आखणी करणारा हात दिसला, माती कुठली ते कळलं, विसर्जनाला किती वेळ लागेल ते सांगितलं, तर तीच मूर्ती जास्त विश्वासाने घेतली जाते. मूर्तीत यामुळे काही बदलत नाही; गिऱ्हाइकाची धाकधूक मात्र जाते.

आता सादरीकरणाकडे वळतो, कारण या पुस्तकाचा मला सर्वांत आवडलेला भाग तो आहे. १९३०मध्ये डॉ. सालिम अली किहीमला राहत होते. हाताशी नोकरी नव्हती. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात त्यांनी ती बारकाईने न्याहाळली आणि पुढच्या वर्षी आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. आपण ज्या पाखराला बाईचं नाव दिलं त्याचं घरटं विणतो तो नर. तोही ते पुरं करत नाही. अर्ध्यावर, शिरस्त्राणासारखा आकार आला की थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून बघते. पसंत पडलं तर नर उरलेलं घरटं पुरं करतो. नाही पडलं तर ते तसंच लटकत राहतं.

कंत्राटदाराचं कोटेशन किंवा केटररचा मेनू असाच असावा. पुष्कळदा आपण दोन टोकं गाठतो. एक तर वहीच्या कागदावर 'एकूण खर्च अंदाजे इतका' एवढंच लिहून देतो. त्यात बघायला काहीच नसतं. नाही तर सगळं आधीच ठरवून, रंगासकट, क्लायंटपुढे ठेवतो. त्याला हो म्हणायला जागाच उरत नाही. अर्धं घरटं म्हणजे हाताची सफाई दिसेल इतकं पुरं आणि समोरच्याची गरज मावेल इतकं मोकळं. तुमची गरज मी अशी समजलो. याआधी अशाच घरात हे केलं, त्याचे हे फोटो. यात एवढं धरलंय आणि एवढं धरलेलं नाही. पावसाळ्यात काम थांबलं तर असं करू. हे दोन निर्णय तुमचे. एका पानात हे बसतं. 'धरलेलं नाही' हा भाग लिहायला आपण कचरतो, आणि पुढची बहुतेक भांडणं तिथेच जन्मतात.

या पुस्तकाने जे करायचं ठरवलं ते असं : मोठ्या शहरांतल्या कंपन्यांसाठी लिहिलेले नियम जसेच्या तसे उतरवायचे नाहीत, किनाऱ्यावरचा सीझन, पावसाळ्यातली बंद बोट, शनिवार-रविवारची गर्दी आणि मंगळवारचा शुकशुकाट, वडखळची कोंडी, घरातल्याच बाईने सांभाळायचं स्वयंपाकघर आणि फोन, हे धरून सल्ला द्यायचा. म्हणून त्यात बजेट कमी आणि वह्या जास्त आहेत. फोनवर बोलायची वाक्यं आहेत, फोटो कुठल्या उजेडात घ्यावा ते आहे, नकार कसा द्यावा आणि कसा घ्यावा तेही आहे. बाईमाणसांच्या धंद्याला 'जोडधंदा' म्हणून बाजूला सारलेलं नाही, याचा मला विशेष आनंद आहे.

काही गोष्टी हे पुस्तक करत नाही. वाईट मालाला चांगला दाखवण्याची युक्ती त्यात नाही. बुकिंगच्या कंपन्यांचं कमिशन कसं टाळावं याचा मंत्रही नाही. ओळख स्वतःची असेल तर अवलंबित्व कमी होतं, एवढंच ते सांगतं. आणि एका प्रश्नाला ते हात लावून थांबतं, जो मला पुढे न्यावासा वाटतो. यशस्वी विपणन किनाऱ्यावर गर्दी आणतं. गर्दीबरोबर कचरा येतो, विहिरींवर ताण येतो, वाळूत गाड्या रुततात. ज्या शांततेचा फोटो आपण पाठवला ती शांतता आपल्याच फोटोने संपू शकते. किती पाहुणे नकोत हे ठरवणंही विपणनात येतं, आणि ते एकट्याने ठरवता येत नाही. मराठी उद्योजकांना एकत्र आणण्यासाठी माधवराव भिडे यांनी जी संघटना उभी केली तिचं नाव योगायोगाने 'सॅटर्डे क्लब'. शनिवारी एकत्र थांबण्याची या किनाऱ्याची परंपरा जुनीच आहे. गावोगावच्या यजमानांनी ती आपल्या परीने चालवावी.

पुस्तक वाचायला घेण्याआधी एक लहानसं काम करावं, असं सुचवतो. तुमच्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाला फोन करा आणि विचारा, "आमच्याबद्दल तुम्ही दुसऱ्यांना काय सांगता?" जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत, न सुधारता, लिहून ठेवा. बहुधा ते तुमच्या पाटीवर, पत्रकावर किंवा मेसेजमध्ये कुठेच नसेल. त्या कोळिणीला मात्र ते पाठ असतं. म्हणून सकाळच्या बाजारात ती ओरडत नाही. अंगठा तेवढा पुढे करते.